गाडी थांबायची म्हणून

रेल्वेमुळे वाढलेल्या एखाद्या लहान गावाचा इतिहास समजून घ्यायचा असला, की तिथले न्यायालय कधी बांधले किंवा पहिला महापौर कोण होता हे मी मागाहून वाचते. आधी तिथली हॉटेले कुठे उभी होती, त्यांची दारे कोणत्या बाजूला उघडत होती आणि ती कोणत्या वर्षी बंद पडली, हे शोधते. शाळा, चर्च, न्यायालय या इमारती गाव स्वतःसाठी बांधते. हॉटेल परक्या माणसासाठी बांधलेले असते, त्यामुळे परका माणूस गावात कसा येतो, किती वेळ राहतो आणि कशासाठी राहतो, याचा सगळा हिशेब त्या एका इमारतीत उतरलेला असतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील रेल्वेगावांत हा हिशेब फार स्पष्ट दिसतो, कारण तिथे परका माणूस बहुतेक एकाच वाटेने येत असे आणि तो किती वेळ थांबणार हे इंजिनाच्या गरजा ठरवत असत.

अशा गावांपैकी मला सर्वांत जवळचे वाटते ते न्यू मेक्सिको राज्यातले लास व्हेगास. नेवाडातल्या झगमगत्या शहराशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. हे गाव १८३५ साली, हा प्रदेश मेक्सिकोच्या ताब्यात असताना, सरकारी जमीनदानातून वसले. मधोमध एक चौक, त्याच्याभोवती मातीच्या विटांची घरे आणि चौकातून जाणारी सांता फेची जुनी व्यापारी वाट, असे त्याचे रूप होते. मिसुरीहून निघालेले बैलांचे आणि खेचरांचे तांडे सांता फेला पोहोचण्याआधी इथे विसावत. मग जुलै १८७९ मध्ये अ‍ॅचिसन, टोपीका अँड सांता फे या कंपनीची रेल्वे आली, पण ती चौकात आली नाही. रूळ पडले ते चौकापासून सुमारे मैलभर पूर्वेला, गायिनास नदीच्या पलीकडे. रुळांच्या कडेला आधी तंबू, मग फळ्यांची दुकाने, मग विटांच्या इमारती असे करत एक नवेच गाव उभे राहिले. जुने पश्चिम लास व्हेगास आणि नवे पूर्व लास व्हेगास ही दोन स्वतंत्र गावे १९७० साली एकत्र झाली. शाळांचे दोन वेगळे जिल्हे तर अजूनही कायम आहेत. एका मैलाच्या अंतरात स्पॅनिश बोलणारे जुने जमीनदार आणि शेतकरी एकीकडे, तर इंग्रजी बोलणारे नवे व्यापारी आणि रेल्वेचे नोकर दुसरीकडे, अशी विभागणी झाली.

हॉटेलांची कहाणी या विभागणीतूनच सुरू होते. रेल्वे आपल्याला टाळून गेली हे चौकातल्या लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. रोमेरो घराण्याच्या पुढाकाराने स्थानिकांनीच पैसे उभे केले आणि १८८२ साली चौकाच्या कडेला तीन मजली प्लाझा हॉटेल बांधले. विटांची भिंत, उंच अरुंद खिडक्या, वर इटालियन धाटणीची नक्षीदार कड आणि मध्यभागी कमानदार शिरोभाग असे त्याचे रूप आहे. आजूबाजूच्या बसक्या मातीच्या घरांत ते आजही एकदम उठून दिसते. मला त्या इमारतीत एक मानी हट्ट दिसतो. गाडीतून उतरलेल्या पैसेवाल्या माणसाने नदी ओलांडून आमच्याकडे यावे, आमचे गाव अजून संपलेले नाही, असे सांगण्यासाठी जुन्या गावाने केलेला तो खर्च होता.

पण गाडीतला बहुसंख्य माणूस गावात उतरण्यासाठी आलेलाच नव्हता. त्याला पुढे जायचे होते. तो लास व्हेगासला थांबे, कारण इंजिन थांबे. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी आणि कोळसा घ्यावाच लागे, आणि साधारण दर शंभर मैलांवर इंजिन आणि त्यावरचे कामगार बदलले जात. जिथे हे बदल होत तिथे इंजिनांची गोलाकार शेड, दुरुस्तीचे कारखाने आणि कामगारांची वस्ती उभी राही. गाड्यांना भोजनाचे डबे जोडण्याची पद्धत पश्चिमेकडे रुळण्यापूर्वी प्रवाशांचे जेवणही याच थांब्यांवर उरकले जाई. ते कसे असे, याची वर्णने वाचताना अंगावर काटा येतो. शिळे मांस, कडकडीत वाळलेली बिस्किटे, काळपट कडू कॉफी आणि या सगळ्यासाठी जेमतेम वीस मिनिटे. काही ठिकाणी तर पैसे आधी घेत, वाढायला मुद्दाम उशीर करत आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच गाडीची घंटा वाजे. ताटात राहिलेले अन्न मग पुढच्या गाडीच्या प्रवाशांपुढे येई.

ही लूट ज्याने मोडून काढली, त्या फ्रेड हार्वीविषयी मला मनापासून आदर आहे. १८३५ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात न्यूयॉर्कला आला, तिथल्या एका खाणावळीत भांडी घासू लागला, पुढे रेल्वेच्या मालवाहतूक विभागात नोकरीला लागला आणि त्या नोकरीत गावोगाव फिरताना वर सांगितलेले जेवण त्याने स्वतः खाल्ले. १८७६ साली कॅन्ससमधल्या टोपीका स्थानकात त्याने सांता फे रेल्वेवरची आपली पहिली खानपानाची जागा चालवायला घेतली. दोन वर्षांनी त्याच राज्यातल्या फ्लॉरेन्स या छोट्या गावात हॉटेल घेतले. सांता फे रेल्वेने त्याला इमारती दिल्या, कोळसा, बर्फ आणि पाणी पुरवले आणि त्याचा माल व माणसे फुकट वाहून नेली. बदल्यात रेल्वेला उत्तम जेवणाची ख्याती मिळाली, आणि तिच्या जोरावर तिने प्रतिस्पर्धी कंपन्यांचे प्रवासी ओढले. वाळवंटाच्या मध्यावर, जिथे आसपास भाजीचा मळासुद्धा नाही, तिथे ताजी फळे आणि बर्फात राखलेले मासे ताटात येत, ते या करारामुळे.

त्याच्या कामाची रीत मला फार विलक्षण वाटते. गाडी धावत असतानाच तिच्यावरचा नोकर डब्याडब्यांतून फिरून कोण भोजनगृहात बसणार आणि कोण काउंटरवर खाणार याची मोजदाद करी. ती संख्या वाटेतल्या स्थानकावरून तारेने पुढे कळवली जाई, त्यामुळे गाडी फलाटाला लागेपर्यंत भटारखान्यात तितकी पाने तयार असत. प्रवासी बसला की एक मुलगी येऊन त्याला काय पिणार ते विचारी आणि काहीही न लिहिता त्याच्या पुढ्यातला कप एका विशिष्ट पद्धतीने ठेवून पुढे जाई. कप बशीत सरळ ठेवला असेल तर कॉफी, बशीत पालथा असेल तर गरम चहा, पालथा पण बशीच्या कडेला तिरका टेकवलेला असेल तर थंड चहा, आणि पालथा करून बशीपासून दूर ठेवला असेल तर दूध. तिच्या मागून दुसरी मुलगी येई ती थेट ओतायलाच लागे, आणि एकही शब्द न बोलता हिला आपल्या मनातले कसे कळले, या विचाराने प्रवासी चकित होत. अर्ध्या तासाच्या आत शेकडो माणसे पोटभर जेवून, घाई झाल्याची भावना न होता, पुन्हा डब्यात बसत. कॉफी दर दोन तासांनी ताजी केली जाई. पाय (pie) या फळे भरून भाजलेल्या गोड पदार्थाचे सहाऐवजी चारच तुकडे करत, म्हणजे एकेकाच्या वाट्याला मोठा तुकडा येई.

या मुलींविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. १८८३ साली न्यू मेक्सिकोतल्याच रॅटन गावी पुरुष वाढप्यांच्या दारूबाजीला आणि मारामाऱ्यांना कंटाळून हार्वीने त्यांना काढून टाकले आणि त्यांच्या जागी मुली नेमण्याचे ठरवले. पूर्वेकडच्या आणि मध्य भागातल्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या गेल्या. वय १८ ते ३०, चारित्र्य चांगले, दिसायला नीटनेटक्या आणि हुशार, अशा अटी होत्या. सुरुवातीला महिना १७.५० डॉलर पगार, वर बक्षिसी, आणि राहणे, जेवण व रेल्वेचा पास फुकट. काळा झगा, पांढरे स्वच्छ एप्रन, हॉटेलातच वरच्या मजल्यावर राहायचे, एका प्रौढ बाईची देखरेख आणि रात्री ठरलेल्या वेळी दार बंद. आजच्या नजरेला हे नियम जाचक दिसतील. पण एखाद्या शेतावरच्या घरात सहाव्या-सातव्या भावंडाच्या पाठीवर जन्मलेल्या, लग्न किंवा शिक्षिकेची नोकरी याखेरीज तिसरा मार्ग माहीत नसलेल्या मुलीला हजार मैल दूर एकटीने जाऊन स्वतःचा पगार हातात घेण्याची ही संधी होती. काहींनी तिथेच रेल्वे कामगारांशी किंवा गुरांच्या मळेवाल्यांशी लग्ने केली आणि त्या त्या गावांच्या जुन्या घराण्यांच्या आज्या झाल्या. काही वर्षानुवर्षे गावे बदलत नोकरी करत राहिल्या, आणि मला या दुसऱ्या प्रकारच्या मुलींविषयी अधिक कुतूहल आहे. बराच काळ या नोकऱ्या प्रामुख्याने गोऱ्या मुलींनाच मिळत. न्यू मेक्सिकोतल्या स्थानिक स्पॅनिशभाषक आणि आदिवासी मुलींना त्या मोठ्या प्रमाणावर मिळाल्या त्या पुढे, विशेषतः दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर.

लास व्हेगासजवळ रेल्वेने एक भव्य स्वप्नही पाहिले होते. गावाबाहेर गरम पाण्याचे झरे आहेत. तिथपर्यंत फाटा टाकून १८८२ साली माँटेझुमा नावाचे प्रचंड लाकडी हॉटेल उघडले. ते जानेवारी १८८४ मध्ये जळाले. शिकागोच्या बर्नहॅम आणि रूट यांच्या आराखड्यानुसार दगडी इमारत बांधली, तीही १८८५ मध्ये आगीत सापडली, आणि लगेच पुन्हा बांधून काढली. तोवर रेल्वे कॅलिफोर्नियाला भिडली होती. समुद्र आणि संत्र्यांच्या बागा आटोक्यात आल्यावर डोंगरातल्या झऱ्यांसाठी इथे कोण उतरणार? १९०३ मध्ये हॉटेल बंद झाले. पुढे तिथे मेक्सिकोतल्या कॅथलिक धर्मगुरूंचे विद्यालय चालले आणि १९८२ पासून जगभरच्या मुलांचे निवासी महाविद्यालय आहे. इमारत अजून देखणी आहे.

मला खरी ओढ आहे ती गावातल्या, रुळांच्या अगदी कडेला असलेल्या कास्तान्येदाची. कोरोनादो या स्पॅनिश सेनानीच्या सोळाव्या शतकातल्या मोहिमेचा वृत्तान्त लिहिणाऱ्या पेद्रो दे कास्तान्येदाचे नाव दिलेले हे हॉटेल हार्वीच्या कंपनीने १८९९ च्या सुरुवातीला उघडले. जुन्या स्पॅनिश मिशनांच्या धर्तीवर कमानी, मनोरा आणि ओसऱ्या असलेली इमारत रुळालगत बांधण्याचा हार्वीच्या हॉटेलांतला हा पहिला मोठा प्रयोग होता. तिच्या तीन बाजूंना बांधकाम आहे, मध्ये अंगण आहे, आणि ते अंगण उघडते रुळांकडे. गावाच्या रस्त्यावरून चालत आलात तर तुम्हाला हॉटेलची पाठ दिसते. त्या अंगणाच्या कमानींखाली मी उभी राहिले तेव्हा ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट उमगली. समोर दहा-वीस पावलांवर फलाट, शेजारी त्याच काळातले विटांचे स्थानक, आणि ज्यांनी हे सगळे उभे केले त्यांच्या डोळ्यांपुढे डब्याच्या खिडकीतून बाहेर पाहणारा प्रवासी सोडून दुसरे कोणी नव्हते. प्लाझा हॉटेल गावाकडे तोंड करून रेल्वेच्या माणसाला बोलावत होते, तर कास्तान्येदाने गावाकडे पाठ करूनच जन्म घेतला होता. मैलभर अंतरावरच्या या दोन इमारतींत त्या गावाचा सगळा पेच आहे असे मला वाटते.

जून १८९९ मध्ये क्यूबाच्या युद्धात लढलेल्या रफ रायडर्स पथकाचा पहिला मेळावा लास व्हेगासला भरला. त्या पथकात न्यू मेक्सिकोतले स्वयंसेवक मोठ्या संख्येने होते, म्हणून हे गाव निवडले गेले. तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर असलेले थिओडोर रूझवेल्ट गाडीने आले आणि नवे कोरे कास्तान्येदा त्या गर्दीचे केंद्र झाले. पुढे दोन वर्षांत हा माणूस देशाचा अध्यक्ष झाला, त्यामुळे गावाला या मेळाव्याचा अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे.

परंतु रेल्वेगावातली सगळी हॉटेले अशी कमानींची नसत. स्थानकाच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरत्या विक्रेत्यांची साधी हॉटेले असत. हे विक्रेते मोठमोठ्या पेट्यांतून टोप्या, कापड, भांडी यांचे नमुने आणत, आणि ते मांडून गावातल्या दुकानदारांना दाखवण्यासाठी तळमजल्यावर एक वेगळी खोली राखलेली असे. एकट्याने महिनोन्महिने फिरणाऱ्या या माणसांना खोली अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावी लागे. सप्टेंबर १८९८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या बॉस्कोबेल या लहान रेल्वेगावात सेंट्रल हाउस हॉटेल भरलेले असल्यामुळे दोन विक्रेत्यांना एकच खोली मिळाली. रात्री त्यांच्यात धर्माविषयी बोलणे निघाले आणि त्यातून पुढच्याच वर्षी गिडियन्स ही संघटना स्थापन झाली. अमेरिकेतल्या हॉटेलांच्या खणात आज बायबलची जी प्रत सापडते, तिचे मूळ त्या गर्दीच्या रात्रीत आहे.

न्यू मेक्सिकोतल्याच सान अंतोनियो या रेल्वेगावात गस हिल्टन नावाच्या दुकानदाराने मंदीच्या काळात घरातल्या काही खोल्या प्रवाशांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा मुलगा कॉनराड रात्री-अपरात्री गाडीवर जाऊन गिऱ्हाइकांचे सामान उचलून आणत असे. हाच कॉनराड १९१९ मध्ये टेक्सासमधल्या सिस्को गावी बँक विकत घ्यायला गेला. तो सौदा फिसकटला म्हणून मोबली नावाच्या चाळीस खोल्यांच्या हॉटेलात शिरला, तर तेलाच्या तेजीमुळे तिथे खाटा आठ-आठ तासांच्या पाळीने भाड्याने जात होत्या. त्याने बँकेचा नाद सोडून ते हॉटेल घेतले, आणि घेतल्यावर भोजनगृह काढून तिथेही खाटा टाकल्या. हार्वीने ज्या भोजनगृहाला सर्वस्व मानले ते हिल्टनला जागेचा अपव्यय वाटले. सिस्कोत माणसे झोपायला जागा शोधत होती, तेव्हा व्यापारी म्हणून त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. तरी मन हार्वीकडेच झुकते.

याखेरीज रेल्वेच्या कामगारांच्या खाणावळी होत्या. इंजिनचालक आणि ब्रेक सांभाळणारे एका टोकाहून येत, काही तास झोपत आणि उलट दिशेची गाडी घेऊन परत जात. गाडीची वेळ ठरली की कार्यालयातला पोऱ्या हातात यादी घेऊन खाणावळींची दारे ठोठावत फिरे आणि ज्याची पाळी असेल त्याला उठवून त्याची सही घेई. आणि काही माणसे अशी होती, की ज्यांना मोठ्या हॉटेलांत किंवा या खाणावळींतही बहुधा जागा नसे. पुलमन कंपनीच्या शयनयानांत रात्रभर उतारूंची उशापायथ्याची सोय पाहणारे जवळजवळ सगळे नोकर कृष्णवर्णीय होते. मुक्कामाच्या गावी ते रुळापलीकडच्या वस्तीत एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरी भाड्याने राहत. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे उतरता येईल याची यादी देणारे ग्रीन बुक १९३६ पासून सुमारे तीस वर्षे छापले जात होते. या घरांना पाटी नव्हती, कमानी नव्हत्या आणि त्यांचे छायाचित्र कोणी काढले नाही. हॉटेलांचा इतिहास लिहिताना ती गाळली जातात याचे मला फार वाईट वाटते, कारण मुक्कामाची गरज त्या माणसांना इतरांइतकीच, किंबहुना जास्त होती.

थांबे कमी होऊ लागले तशी ही सृष्टी ओसरली. १८९० च्या दशकात सांता फेच्या मोठ्या गाड्यांना भोजनाचे डबे लागले, आणि ते चालवायलाही हार्वीचीच कंपनी होती, म्हणजे आपल्याच हॉटेलांचे गिऱ्हाईक तिने डब्यात बसवून पुढे नेले. १९०८ मध्ये दक्षिणेकडून, न्यू मेक्सिकोतल्याच बेलेन गावामार्गे, कमी चढाचा नवा मार्ग झाला आणि मालगाड्या रॅटनच्या अवघड घाटाऐवजी तिकडून वळल्या. मग मोटारी, मग पाण्यासाठी न थांबणारी डिझेल इंजिने. महायुद्धात सैनिकांच्या गाड्यांमुळे भोजनगृहे पुन्हा भरली, पण ते तेवढ्यापुरतेच. १९४८ मध्ये कास्तान्येदा बंद झाले. हार्वीच्याच हॉटेलांपैकी गॅलपचे एल नवाहो १९५७ मध्ये पाडले. अल्बुकर्कीचे देखणे आल्वाराडो १९७० मध्ये पाडले गेले आणि त्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. कास्तान्येदा वाचले याचे कारण, मला वाटते, गावाची गरिबी. पाडून तिथे दुसरे काही बांधावे इतका पैसा कोणाकडे नव्हता, म्हणून इमारत भाड्याच्या खोल्या आणि एक बार सांभाळत, छत गळत असताना, तशीच उभी राहिली.

अ‍ॅरिझोनातल्या विन्सलो गावी मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी आराखडा केलेले हार्वीचे ला पोसादा हॉटेल १९३० मध्ये, ऐन मंदीच्या तोंडावर उघडले आणि १९५७ मध्ये बंद पडले. १९९७ मध्ये ते विकत घेऊन पुन्हा चालते करणाऱ्या अ‍ॅलन अफेल्ट यांनीच पुढे लास व्हेगासची दोन्ही हॉटेले, प्लाझा आणि कास्तान्येदा, घेतली. एकमेकांना पाठ दाखवून जन्मलेल्या या दोन इमारती अशा एका मालकाकडे आल्या. जुन्या अरुंद खोल्या जोडून मोठ्या केल्या आणि २०१९ मध्ये कास्तान्येदाची दारे सत्तर वर्षांनी उघडली.

नेमके याच सुमारास, २०१८ मध्ये, अ‍ॅमट्रॅक या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीने शिकागो ते लॉस एंजेलिस धावणाऱ्या साउथवेस्ट चीफ या गाडीचा कॅन्सस ते न्यू मेक्सिको पट्ट्यातला काही भाग बंद करून तिथे बस चालवण्याचा विचार मांडला. मालगाड्या दुसऱ्या मार्गाने जात असल्याने रॅटन घाटातल्या रुळांच्या देखभालीचा खर्च कोणी करायचा, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. कॅन्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या तिन्ही राज्यांतून विरोध झाला आणि ती योजना मागे पडली. आजही दिवसातून एकेक गाडी दोन्ही दिशांना जाते आणि लास व्हेगासला काही मिनिटे थांबते. प्लाझा हॉटेलची मला तेवढी चिंता वाटत नाही, कारण त्याच्यासमोर चौक आहे आणि लोक आता इंटरस्टेट २५ या महामार्गावरून मोटारीने तिथे येतात. कास्तान्येदाचेही बहुतेक पाहुणे मोटारीनेच येत असतील, पण त्याचे अंगण रुळांकडे उघडते, आणि त्या रुळांच्या देखभालीचा पैसा पुढेही दर वेळी भांडूनच मिळवावा लागणार आहे. जमेल तेव्हा मी तिथे गाडीनेच जाते, आणि कोणी विचारले तर त्यांनाही गाडीचेच तिकीट काढायला सांगते.